सर्दी आपोआप गेली

मी ज्या घरात जायची तिथं चुलीवर चहाचं आधण चढायचं, आणि मी निघाले की त्या घरात माझ्याबद्दल थोडी नाराजी उरायची. कारण तो चहा मी घेत नसे. सेनगाव तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर आरोग्यसेविका म्हणून माझी बहुतेक नोकरी झाली. पंचक्रोशीत माझं नाव फारसं कुणाला माहीत नव्हतं. 'चहा न पिणारी शिस्टर' म्हटलं की लहान पोरसुद्धा उपकेंद्राची वाट दाखवायचं.

आता खरं सांगते, चहाशिवाय माझं पान हलत नाही. सकाळी दोन कप पोटात गेल्याशिवाय मी घरात कुणाशी धड बोलत नाही, हे माझे यजमान शपथेवर सांगतील. पण माझ्या पिशवीत असायच्या लोहाच्या लाल गोळ्या, आणि आमच्याकडे औषध म्हटलं की ते गरम चहाबरोबर घ्यायचं अशी रीत. चहा त्यातलं लोह अडवून धरतो. गोळी पोटात जाते, पण रक्ताच्या उपयोगी फारशी पडत नाही. गोळीला लिंबूपाणी चालतं, साधं पाणी चालतं, चहा मात्र तासा-दोन तासांनी. हे मी घसा कोरडा करून सांगणार आणि वर त्यांच्याच ओसरीवर बसून बशीत चहा ओतणार, तर ऐकणार कोण? म्हणून मीच सोडला. ड्युटीवर असेपर्यंत चहा नाही, असा नियमच करून टाकला.

लोकांना वाटतं नर्स म्हणजे इंजेक्शन आणि बाळंतपण. ते होतंच. पण माझ्या नोकरीतला मोठा वेळ गेला तो लोकांच्या गळी गोळ्या उतरवण्यात. लोह, जस्त, आयोडीन, कॅल्शियम. ही खनिजं अन्नातून मिळायची असतात, आणि लागतात अगदी थोडी. थोडी लागतात म्हणूनच त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. लोह कमी पडलं की दम लागतो एवढंच लोकांना ठाऊक असतं. पण त्याबरोबर रोगाशी झुंजायची अंगातली ताकदही खचते. जस्त कमी पडलं की हगवण लांबते, सर्दी छातीत उतरते, जखम लवकर भरत नाही. लेकरू एका दुखण्यातून उठतं आणि दुसऱ्यात पडतं. आई म्हणते दृष्ट लागली, सासू म्हणते दुधात दोष आहे.

आणि गिऱ्हाईकं तरी कशी एकेक! एका घरात सुनेचं रक्त काही केल्या वाढेना. गोळ्या मात्र वेळच्या वेळी संपत होत्या. मी वैतागले होते. एकदा न्हाणीजवळ हात धुताना तिथलं कढीपत्त्याचं झाड दिसलं. असं काळंभोर, तरतरीत झाड मी दुसरं पाहिलं नव्हतं. मी कौतुक केलं तर सासूबाई खुशीत येऊन म्हणाल्या, "तुमच्याच लाल गोळ्या घालते की बुडाला. सुनेला काळी परसाकडं व्हते म्हणून तिनं सोडल्या. मंग औषध वाया काहून घालवावं?" लोहाच्या गोळीनं शौचाला काळं होतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, हे मी त्या दिवशी त्या दोघींना समजावलं. निघताना कढीपत्त्याच्या चार काड्याही घेतल्या. फोडणीला फार छान लागला.

दुसरीकडे एका म्हातारीच्या मिठावर मी तपासणीचा थेंब टाकला. मिठात आयोडीन असेल तर ते निळंजांभळं होतं. झालं. तिनं अख्खा डबा उकिरड्यावर ओतला आणि गावभर सांगितलं की शिस्टरनं माझं मीठ बाटवलं. चांगलं मीठ होतं हो ते. पुढं कितीतरी दिवस मला पाहिलं की ती मिठाचा डबा पदराखाली घ्यायची.

पण हे सगळं सांगण्यासाठी मी लिहायला बसले नाही. मला सांगायचंय ते सटवाजी आबाबद्दल, आणि त्याच्या नातीबद्दल.

आमच्या गावाबाहेर ओढ्यापलीकडं धनगरांची पाच-सहा घरांची वस्ती आहे. सटवाजी तिथला जाणता माणूस. उंच, काटक, आवाज असा की ओढ्याअलीकडून ऐकू यावा. बायको कधीच वारलेली. घरात मुलगा किसन, सून कौसा आणि नात मुक्ता. दारात शेळ्या, आणि मेंढरांचा मोठा कळप. दिवाळी झाली की किसन आणि कौसा मेंढरं घेऊन बाहेर पडायचे, वसमत-कुरुंद्याकडं, तिथून पुढं नदीच्या कडेकडेनं. शेतात मेंढरं बसवायची, लेंडीखत द्यायचं, पुढच्या गावाला जायचं. पावसाच्या तोंडावर परत. बिऱ्हाड घोड्यावर, लेकरूही घोड्यावर. सटवाजी शेळ्यांपाशी घरी थांबायचा.

मुक्ताच्या आधी कौसाला एक मुलगा होता. तो असाच वाटेवर असताना न्यूमोनियानं गेला. मुक्ता आता त्याच वयाची, तीनेक वर्षांची, झाली होती आणि तिचीही तीच तऱ्हा होती. महिन्यातून दोनदा जुलाब, नाक सदा वाहतं, गळवं, ताप. हाताला धरलं तर हाताचं वजनच लागायचं नाही. मला पाहून इतर लेकरं पळायची, ही पळायचीही नाही, नुसती बघत बसायची. त्या बसण्याचीच मला धास्ती वाटायची.

कौसा एकदा मला सोडायला ओढ्यापर्यंत आली आणि म्हणाली, "शिस्टरबाई, दिवाळीनंतर निघावं लागते. हिला घरी ठिवून माझा जीव राहात न्हाई. आन संगं नेली तर..." मी म्हटलं, अजून दिवस आहेत, बघू या आपण. नोकरीत हे वाक्य मी किती वेळा बोलले असेन, पण त्या दिवशी बोलताना लाज वाटली.

मुक्ता भिंत चाटायची. पांढऱ्या मातीनं सारवलेल्या भिंतीला तिच्या उंचीवर ओलसर खड्डेच पडले होते. कौसा फटके द्यायची, हातावर मिरची चोळायची. मी सटवाजीला म्हटलं, "आबा, हा पोरीचा खोडसाळपणा नाही. अंगात काहीतरी कमी पडतंय."

तो म्हणाला, "ते मला नका सांगू. मेंढरू भिंत चाटाया लागलं की आमी चाटायची वीट टांगतो. अंगात क्षार कमी पडून राहिला की जनावर माती धरते."

"मग पोरीला का मारता?"

मी लोहाचं पातळ औषध दिलं, जंताची गोळी दिली, कौसाला सगळं समजावलं आणि आले. मातीतून जंत पोटात जातात, जंत रक्त पितात, रक्त कमी झालं की पुन्हा माती खावीशी वाटते. त्या चक्रातून पोरीला आधी बाहेर काढायचं होतं.

पुढच्या आठवड्यात भर दुपारी वस्तीवर गेले तर मुक्ता ओसरीवर पडलेली. उलट्या, जुलाब, डोळे आत गेलेले. कौसा रडत होती, काय झालं ते तिला ठाऊक नव्हतं. मी पाण्यात ओआरएस कालवत होते आणि माझी नजर गोठ्यावरच्या विटेवर गेली. शेळ्या-मेंढरांना चाटायला दाव्यानं टांगतात ती खनिजांची वीट. जनावर चाटतं तेव्हा तिची कड गुळगुळीत होते. ह्या विटेचा कोपरा ठेचून काढलेला होता.

"आबा, वीट कुणी फोडली?"

तो खांबाला टेकून उभा होता. म्हणाला, "मी. कुटून भाकरीच्या पिठात घातली पोरीच्या. मेंढराला चालते तर लेकराला काहून न्हाई? मेंढरं उभी राहिली त्याच्यावर."

आयुष्यात मी कुठल्या म्हाताऱ्या माणसावर एवढी ओरडले नसेन. ती जनावराच्या पोटासाठी बनवलेली, त्यात मीठ किती, तांबं किती, आणखी काय काय, आणि हे लेकरू एवढंसं! मुक्ताला घोंगड्यात गुंडाळून सटवाजीनं उचललं आणि माझ्या पुढं चालत रस्त्यावर जाऊन जीप अडवली. आरोग्य केंद्रात पोचेपर्यंत एवढंच म्हणत होता, "माझ्या हातानं झालं, माझ्या हातानं झालं."

वीट पोटात फार गेली नव्हती, हे नशीब. आमच्या डॉक्टर मॅडमनी सलाईन लावलं आणि संध्याकाळी मुक्तानं पाणी मागितलं. तेव्हा सटवाजी केंद्राच्या पायरीवर बसून ढसाढसा रडला. मॅडम वयानं त्याच्या लेकीएवढ्या. त्या त्याच्याजवळ बसल्या आणि म्हणाल्या, "आजोबा, तुमचा विचार बरोबर होता. दुकान चुकलं."

त्यानंतर माझं आणि त्याचं जमलं. ओरडले होते त्याची भरपाई म्हणून म्हणा, मी त्याच्याशी निवांत बोलायला लागले. त्यानं विचारलं, खनिजं अंगात जाऊन करतात तरी काय? मी म्हटलं, "आबा, तुमच्या कळपाला राखणीला कुत्री आहेत. त्यांना भाकरच घातली नाही तर?"

"निजून राहतील. लांडगा येईल."

"पोरीच्या अंगात पण राखणदार असतात. त्यांना भाकर नाही मिळत. म्हणून सर्दीचा लांडगा येतो, जुलाबाचा येतो."

तो म्हणाला, "आन कुत्र्याला जास्तीच खाऊ घातलं तरी ते निजून राहते." वीट त्याच्या डोक्यातून गेली नव्हती.

मग तो माझ्या हाताखालच्या माणसासारखा कामाला लागला. जुलाब थांबले तरी जस्ताच्या गोळ्या मध्येच सोडायच्या नाहीत, हे आयांना पटवण्यात माझा जन्म गेला, यानं ते एकदा ऐकून पाळलं. ताप असला की लोहाचं औषध थांबवून मला निरोप. मटकीला मोड आणून घालायचे, कारण मोड आले की तिच्यातली खनिजं अंगाला जास्त लागतात. शेवग्याचा पाला, तिळाची चटणी, वर लिंबू. मुक्ताच्या बशीतला चहा बंद. एवढंच काय, लेकरू मागतं म्हणून त्यानं स्वतःही तिच्यासमोर चहा घ्यायचं सोडलं आणि गोठ्यात लपून प्यायला लागला. मी एकदा पाहिलं. दोघंही हसलो.

पण पोरीचं रक्त वाढत होतं ते मुंगीच्या पावलानं. दिवाळी जवळ येत होती. मॅडमनी स्पष्ट सांगितलं होतं, या अवस्थेत तिला थंडीत उघड्यावर नेणं बरं नाही. कौसाचं तोंड सुकत चाललं होतं.

तेवढ्यात कंदुरी ठरली. आमच्याकडं पीराच्या माळावर बोकड कापून नवसाचं जेवण करतात, ती कंदुरी. सटवाजीनं ती बोलली होती मुक्तासाठीच, केंद्राच्या त्या पायरीवर. मला आमंत्रण होतं. मी सहज विचारलं, "बोकडाची कलेजी कुणाला देता?"

"घरधन्याला," तो छाती काढून म्हणाला. "पयला मान. मंग पाहुण्यायला."

"आणि कौसाला? मुक्ताला?"

"बाया-लेकरायला रस्सा असते की."

लोह आणि जस्त जेवढं कलेजीत असतं, तेवढं लेकराच्या पोटाला पेलवणाऱ्या दुसऱ्या घासात क्वचितच. नवस पोरीचा, बोकड पोरीसाठी, आणि पोरीच्या ताटात पाणी! मी तसं बोलून गेले. त्याचा चेहरा बदलला. "शिस्टरबाई," तो म्हणाला, "चहाचं आयकलं. मातीचं आयकलं. औषधाचं आयकलं. ह्याच्यात पडू नका. हा माझ्या बापाचा मान हाय, त्याच्या बापाचा हाय." असं म्हणून तो उठून शेळ्यांकडं निघून गेला. मला वाटलं, संपलं. एवढ्या दिवसांचं जमलेलं माझ्या जिभेनं घालवलं.

कंदुरीला जावं की नाही असं झालं होतं. गेले. माळावर लिंबाच्या सावलीत पुरुषांची पंगत बसली होती. बायका चुलींपाशी. मुक्ता कौसाच्या पदराला धरून उभी. रिवाजाप्रमाणं किसननं कलेजीची थाळी आणून बापापुढं ठेवली. सगळे थांबले, म्हातारा पहिला घास घेईल मग हात चालू करायचे म्हणून. सटवाजी थाळीकडं बघत बसला. मग ओढ्यापलीकडं ऐकू जाईल अशा आवाजात त्यानं हाक मारली, "मुक्ते! हिकडं ये."

पोरगी घाबरून आली. त्यानं तिला मांडीवर घेतलं, कलेजीचा तुकडा बारीक केला, फुंकला आणि तिच्या तोंडात घातला.

त्याचा मेव्हणा लक्ष्मण शेजारीच बसला होता. तो म्हणाला, "दाजी, हे काय करून राहिले? घरधन्याचा मान हाय तो."

"व्हय ना? माझाच मान हाय ना?" सटवाजी म्हणाला. "मंग तो कुठं ठिवायचा ते मी ठरवीन." दुसरा तुकडा त्यानं तिला भरवला. थाळीतलं उरलेलं वाटीत काढलं, किसनच्या हातात दिलं आणि म्हणाला, "हे कौसाला नेऊन दे. आन तिथं उभा राह्य. तिनं खाल्ल्याबगर येऊ नको."

मग लक्ष्मणानंच भाकरी मोडली आणि पंगत सुरू झाली. मी चुलीपाशी होते. कौसा वाटी हातात घेऊन तशीच उभी होती, किसन समोर पहारेकऱ्यासारखा. ती पाठमोरी झाली आणि तिनं खाल्लं. माझे डोळे भरून आले ते धुरानं असं मी सगळ्यांना सांगितलं.

कलेजीच्या दोन तुकड्यांनी कुणी बरं होत नसतं, हे मी नर्स म्हणून सांगायलाच हवं. पण त्या दिवसापासून त्या घरात चांगला घास आधी कुणाच्या ताटात पडायचा ते बदललं. अंडं मुक्ताला, दुधावरची साय मुक्ताला. औषधं चालूच होती. भिंतीवरचे खड्डे सटवाजीनं लिंपले, ते पुन्हा पडले नाहीत. दिवाळी झाली तरी मॅडम हो म्हणेनात, म्हणून किसननं मेंढरं काही दिवस थांबवली. पुन्हा रक्त तपासलं, पुन्हा वजन केलं. मॅडमनी शेवटी मान हलवली. घोड्यावर बिऱ्हाडात मुक्ताला बसवलं तेव्हा तिनं घोड्याला टाच मारली. सटवाजी खूश होऊन म्हणाला, "बघा!"

मला मात्र झोप लागेना. गोळ्या, ओआरएस, कुठल्या गावी कुठं दवाखाना, सगळं मी कौसाला पढवलं होतं. तरी थंडी पडली की मला त्या आधीच्या लेकराची आठवण यायची. फोन लागायचा नाही. त्यांचा फोन चार्ज व्हायचा तो कुणाच्या शेतातल्या आखाड्यावर लाईट असली तर. सटवाजी रोज उपकेंद्रावर येऊन विचारायचा, "काही कळलं का?" मी विचारायची, "तुम्हाला काही कळलं का?" दोघांनाही काही कळलेलं नसायचं. तो बाकड्यावर बसायचा, मी माझं काम करत राहायची.

एक दिवस दुपारी कौसाचा फोन आला. सटवाजी समोरच होता. मी विचारलं, पोरगी कशी आहे?

"बरी हाय. भाकर मागून राहिली, मेंढरामागं पळून राहिली."

"ताप? जुलाब? काही तकलीफ?"

"काई न्हाई. सर्दी झाली व्हती मधी."

"मग? छाती भरली का? दवाखान्यात नेलं का?"

"न्हाई वो शिस्टरबाई," कौसा हसत म्हणाली. "आपोआप गेली."

आपोआप गेली! धडधाकट लेकरांच्या घरात असल्या वाक्याकडं कुणी लक्षही देत नाही. लेकराला सर्दी झाली आणि गेली, त्यात काय सांगायचं? मी फोन हातात धरून तशीच उभी राहिले. मुक्ताची सर्दी आपोआप गेल्याचं तोवर आम्ही कधी पाहिलंच नव्हतं. तिच्या अंगातली कुत्री जागी झाली होती. सटवाजी उठून जवळ आला, "काय झालं, काय झालं" म्हणत. मी सांगितलं. त्यानं रुमालानं तोंड पुसलं आणि म्हणाला, "शिस्टरबाई, आज तरी चहा पाजा." मी उपकेंद्रात, ड्युटीवर असताना, नियम मोडून त्याच्याबरोबर चहा प्यायले.

आता मी निवृत्त आहे, हिंगोलीत राहते, हवा तेवढा चहा पिते. मागं राहून गेलेली लेकरं आठवतात. सगळ्याच घरात सटवाजी नव्हता, आणि सगळीकडं माझं चाललंही नाही. गेल्या वर्षी त्यांच्याकडच्या कंदुरीचं बोलावणं आलं. मुक्ता शाळेत जाते, वेणीला रिबन, आवाज थेट आजोबाचा. कौसाला मुक्तानंतर मुलगा झाला, तो आता पंगतीत लुडबुडत होता. किसननं कलेजीची थाळी आणली ती सरळ त्या पोरापुढं ठेवली. पोरानं पहिला घास घेतला, मग थाळी बायकांकडं गेली, मग पुरुषांचे हात चालू झाले. कुणी काही बोललं नाही, कुणी थांबलं नाही.

मी मुद्दाम मुक्ताला विचारलं, "काय गं, तुमच्यात लहान लेकराला कलेजी आधी काहून देतात?"

तिनं माझ्याकडं असं पाहिलं की शहरातल्या बाईला काहीच कसं ठाऊक नाही. "आमच्यात तसंच असते," ती म्हणाली. "पयल्यापासून."

सटवाजी शेजारीच होता. दात गेलेत, रश्शात भाकरी चुरून खात होता. मी त्याच्याकडं पाहिलं. त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग नातीकडं. वाटीत उरलेला रस्सा पिऊन घेतला, मिशा पुसल्या आणि म्हणाला, "व्हय. पयल्यापासून."